अर्धी कोंबडी, सोबत तळलेली केळी

इकितोसला रस्ता येत नाही.
नदी येते, विमान येतं,
त्या एप्रिलात दोन्ही रिकामीच यायची.

फाटकावर मात्र फलक आला, बारा मीटरचा,
कोंबडीवाल्या कंपनीनं दिलेला:
'ग्रासियास, आमच्या शूरवीरांनो!'
कोपऱ्यात भाजलेली कोंबडी, पिवळा फोन नंबर,
घरपोच सेवा.

आत पाळीला अकरा जणी, रुग्ण चौऱ्याण्णव.
मास्क पाच दिवसांना एक.
पाळी संपली की दोरीवर चिमट्याला लावायचा,
चिमट्यांवर नेलपॉलिशनं आकडे,
माझा सहा, नेलिदा तुआनामाचा चौदा.
गाऊन संपले होते. कचऱ्याच्या काळ्या पिशव्या घालायचो,
त्या बगलेत फाटायच्या,
घाम आतल्या आत गुडघ्यापर्यंत ओघळायचा.
लघवीला जायचं तर पिशवी फाडावी लागायची,
म्हणून म्हाताऱ्यांचे डायपर आम्हीच बांधले.
हे मी आईला सांगितलेलं नाही.

कल्पना नेलिदाची.
"व्हिनाइल आहे ते," म्हणाली, "पाणी मुरत नाही."
रात्री दोनला रखवालदार एलमेरनं पाठ फिरवली
(त्याची बायको आमच्याकडेच होती, खाट एकवीस)
आणि आम्ही शिडी लावून
सगळी कृतज्ञता खाली उतरवली.

एलमेरच्या सासूनं पायाच्या मशीनवर
अठरा एप्रन शिवले. सुया मोडल्या तीन.
कुणाच्या छातीवर 'ग्रा', कुणाच्या पाठीवर 'शूर'.
नेलिदाच्या वाट्याला नुसतं उद्गारचिन्ह,
ती ते मिरवत हिंडली.
मला कोंबडी. तंगडी पोटावर, नंबर छातीवर.

खाट सातवरचे सेन्योर पिसांगो, बोटीवरचे जुने खलाशी,
नाकात नळी, तरी डोळे बारीक करून वाचायचे.
"पोरी, अर्धी पाठव. सोबत तळलेली केळी."
"पत्ता?"
"तुला माहीत आहे."
तीन दिवस रोज हेच.
चौथ्या दिवशी सिलिंडर आलं नाही.
मी हातानं फुगा दाबत राहिले
पहाटेपर्यंत, मनात आकडे म्हणत.
कुठले आकडे, तर छातीवरचेच.

मग कार्यालयातून पत्र:
मालमत्तेची हानी. फलकाची किंमत पगारातून वळती करण्यात येईल.
फेब्रुवारीनंतर पगारच झाला नव्हता.
नेलिदा हसली, इतकी हसली की खोकला आला,
आणि खोकला राहिला.
तीस एप्रिलला तिचं कंत्राट संपलं.
एक मेला, कामगारांच्या सुट्टीला,
ती आमच्याच वॉर्डात होती, खाट चार,
पण आमची नव्हती.
नोंदवहीत व्यवसायाच्या रकान्यात
कुणीतरी 'घरकाम' लिहिलं होतं.

चौदाचा चिमटा अजून दोरीवर आहे.
नव्या मुली त्याला हात लावत नाहीत.
सांगावं लागत नाही.

परवा फोनवर प्रश्नावली आली, राजधानीतून,
आमच्या मनःस्वास्थ्यासाठी.
झोप लागते का, एक ते पाच.
रडू येतं का, एक ते पाच.
मोटोटॅक्सीत बसून भराभर तीन, तीन, तीन दाबत गेले.
शेवटी: बोलायला कुणी आहे का? हो की नाही.
अंगठा तिथं अडला.
मग, कुणास ठाऊक कसा,
बोटांना पाठ झालेला नंबर बोटांनीच लावला.

बराच वेळ वाजला.
"दुकान बंद आहे हो, कधीपासूनच," एक मुलगी म्हणाली,
"मी नुसती फोन उचलायला येते."
मी म्हटलं, अर्धी. सोबत तळलेली केळी.
ती गप्प.
मागे कुठंतरी रिकाम्या फ्रीजची घरघर.
मग कागदाची सळसळ, पेनाचं टोपण निघाल्याचा आवाज.
"पत्ता सांगा," म्हणाली.